ससा चारापर्यंतच का मोजतो?

प्राण्यांच्या साहसाची एखादी कादंबरी वर्गात शिकवून झाली की मुलांच्या हाती शेवटी एक तक्ता येतो. स्थळ, काळ, मुख्य पात्र, दुय्यम पात्रे, संघर्ष, उत्कर्षबिंदू, शेवट, संदेश. त्याखाली दुसरा तक्ता: उपमा शोधा, रूपक शोधा, चेतनगुणोक्तीची तीन उदाहरणे लिहा. इंग्रजी माध्यमात हे वर्कशीटवर होते, मराठी माध्यमात 'अलंकार ओळखा'च्या चार ओळींत उरकते. परदेशात वाढणाऱ्या मराठी घरांतली मुले शाळेत सबंध कादंबऱ्या वाचतात, पण त्यांच्याही दप्तरात असाच कागद असतो.

या कागदाशी माझे भांडण आहे. चेतनगुणोक्ती म्हणजे माणूस नसलेल्याला माणसासारखे वागायला-बोलायला लावणे; प्राण्यांच्या कादंबरीत 'चेतनगुणोक्ती कुठे आहे?' असे विचारण्यात काही हशील नाही. तिथे ती पानोपानी असते. तिच्याशिवाय कादंबरी उभीच राहत नाही. विचारायला हवे ते वेगळेच. या लेखकाने आपल्या प्राण्याला माणसाचे किती कळू दिले? कुठे हात आखडता घेतला? आणि तिथेच का? या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या मुलाला स्थळ, पात्र, संघर्ष, निवेदक हे सगळे घटक वाटेत भेटतात आणि ते एकमेकांना कसे बांधलेले आहेत तेही दिसते. तक्ता भरणाऱ्याला ते सुटे सुटे मिळतात, आणि सुटे मिळालेले परीक्षेनंतर टिकत नाहीत.

रिचर्ड ॲडम्स यांची 'वॉटरशिप डाउन' ही कादंबरी 1972 साली आली. ॲडम्स इंग्लंडमध्ये सरकारी नोकरीत होते. गाडीतून जाताना त्यांनी आपल्या दोन मुलींना सशांची गोष्ट सांगितली, मुलींनी ती लिहून काढायचा हट्ट धरला. लिहून झालेले हस्तलिखित एकामागून एक प्रकाशकांनी परत पाठवले. मुलांसाठी फार मोठे, फार गंभीर, असा सूर होता. अखेर रेक्स कॉलिंग्ज या छोट्या प्रकाशकाने ते छापले आणि त्याच पुस्तकाला इंग्लंडमधले बालसाहित्याचे मानाचे कार्नेगी पदक मिळाले. थोडक्यात कथा अशी: सँडलफर्डच्या वसाहतीतल्या फायव्हर नावाच्या लहानखुऱ्या सशाला येणाऱ्या विनाशाची चाहूल लागते. वसाहतीचा प्रमुख ते मनावर घेत नाही. मग फायव्हरचा भाऊ हेझल मूठभर सशांना घेऊन बाहेर पडतो आणि नवे घर शोधत दूरच्या टेकडीवर पोचतो.

पहिल्याच प्रकरणात शेताच्या कडेला एक नवी पाटी रोवलेली आहे. ससे ती हुंगतात. तिच्यामुळे फायव्हरला सगळे शेत रक्ताने माखलेले दिसू लागते, पण पाटीवर काय आहे ते त्याला कळत नाही, कळणे शक्यही नाही. प्रकरणाच्या अखेरीस निवेदक पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा देतो: या सहा एकर जागेवर उंची घरे बांधली जाणार आहेत. इथे वाचणारे मूल सशांच्या पुढे गेले. त्याला धोका नेमका ठाऊक आहे आणि ते कोणालाही सांगू शकत नाही. पुढची पन्नास पाने ज्या काळजीने वाचली जातात ती काळजी इथे जन्मली. याला 'पूर्वसूचना' म्हणून तक्त्यात टाकता येईल, आणि ते चूक नाही. पण खरी कारागिरी ज्ञानाच्या वाटणीत आहे. फायव्हरकडे भीती दिली, वाचकाकडे कारण दिले, आणि दोन्ही एका ठिकाणी येऊ दिले नाही.

हीच वाटणी पुस्तकभर चालते. ॲडम्सचे ससे चारापर्यंतच मोजतात. चाराच्या वरचे सगळे 'पुष्कळ'. त्यांच्या पुराणातल्या आदिपुरुषाला पुष्कळ शत्रू आहेत, म्हणजे मोजता येणार नाहीत इतके. ओढा ओलांडायच्या वेळी दोन थकलेल्या सशांना पोहणे शक्य नसते आणि मागे कुत्रा सुटलेला असतो. ब्लॅकबेरी नावाचा हुशार ससा म्हणतो, ही पडलेली फळी पाण्यावर तरंगते, त्यांना तिच्यावर बसवा आणि ढकला. बाकीच्यांना हे कळतच नाही. म्होरक्या हेझललाही कळत नाही. तो केवळ ब्लॅकबेरीवर भरवसा ठेवून तसे करतो. आपल्याला 'होडी' इतकी ओळखीची आहे की तिच्यात शोध लागण्यासारखे काही होते हेच आपण विसरून गेलो आहोत. ॲडम्सने सशांची बुद्धी जिथे तोकडी ठेवली, नेमक्या त्या जागी साहस उभे राहिले. त्यांना सगळे कळत असते तर ओढा ओलांडणे चार ओळींत संपले असते.

मग सशांना बोलू दिले, पुराणे रचू दिली, नेतृत्वावरून वाद घालू दिले, आणि मोजता मात्र येऊ दिले नाही, हे कशाच्या आधारावर? ॲडम्सने रोनाल्ड लॉकली या निसर्गअभ्यासकाचे रानसशांवरचे 1964 चे पुस्तक बारकाईने वाचले होते. बिळे खणणे हे मुख्यतः माद्यांचे काम. वसाहतीत दाटी फार झाली की गाभण माद्यांच्या पोटातले गर्भ जन्माला न येताच शरीरात विरून जातात. ही प्राणिशास्त्रातली माहिती कादंबरीत सजावट म्हणून आलेली नाही. टेकडीवर पोचलेले सगळे नर आहेत. हेझलच्या लक्षात येते की माद्या नसतील तर ही वसाहत त्यांच्याबरोबरच संपेल. त्यातून एफ्राफा या लष्करी शिस्तीच्या वसाहतीची मोहीम निघते. एफ्राफातल्या अनेक माद्यांना पिल्ले होत नाहीत, कारण तिथला सेनापती वूंडवर्ट कोणालाही बाहेर पडू देत नाही आणि दाटी वाढत जाते. जुलमी सत्ता कशी असते हे भाषणातून न सांगता सशांच्या शरीरातून सांगितले आहे. कथानकाचा सांधा इथे जीवशास्त्राशी जुळतो. 'संघर्षाचा प्रकार: पात्र विरुद्ध समाज' एवढे लिहून मोकळे झालेल्या मुलाच्या हातून हा सांधा निसटतो.

या प्रश्नामुळे पुस्तकाचा दोषही दिसतो, आणि मुलांना दोष दिसला पाहिजे असे मला मनापासून वाटते. सशांच्या जगात माद्यांचे एवढे महत्त्व आहे हे ठाऊक असलेल्या लेखकाने साहसाची सगळी सूत्रे नरांच्या हाती ठेवली. एफ्राफातली हायझेन्थले सोडली तर माद्या बहुतेक वेळ मिळवण्याची गोष्ट बनून राहतात. इथे ॲडम्सने सशांचे वास्तव बाजूला ठेवले आणि माणसांचे, त्यातही युद्धातल्या पुरुषांच्या तुकडीचे, वास्तव आणले. दुसऱ्या महायुद्धात ते स्वतः सैन्यात होते आणि काही पात्रांमागे त्यांच्या ओळखीचे अधिकारी आहेत. एखाद्या मुलीने हे वर्गात बोलून दाखवले, तर 'पात्रचित्रण' या शब्दाचा अर्थ तिला कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त समजलेला असेल.

प्राण्याला किती कळू द्यायचे हा वाद नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत तो थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला होता. 1903 साली जॉन बरोज या ज्येष्ठ निसर्गलेखकाने एका मासिकात लेख लिहून प्राण्यांना माणसासारखा विचार करायला लावणाऱ्या लेखकांवर खोटेपणाचा आरोप केला. त्याच वर्षी जॅक लंडनची 'द कॉल ऑफ द वाइल्ड' आली. पुढे 1907 मध्ये खुद्द थिओडोर रूझवेल्ट या वादात उतरले आणि त्यांनी लंडनचेही नाव घेतले. लंडनने 1908 मध्ये उत्तर दिले. आपला कुत्रा विचार करत नाही, केवळ कृती करतो, हे आपण गोष्टीत पुन्हा पुन्हा लिहिले आहे, त्यामुळे कथेचा ओघ तुटला तरी लिहिले आहे, असा त्याचा बचाव होता. हा बचाव मला पटतो. 'द कॉल ऑफ द वाइल्ड'चे पहिलेच वाक्य सांगते की बक, म्हणजे तो कुत्रा, वर्तमानपत्रे वाचत नव्हता, नाहीतर संकट येते आहे हे त्याला कळले असते. उत्तरेत सोने सापडले आहे, बर्फात गाड्या ओढायला दणकट कुत्रे हवे आहेत, ही बातमी जगाला ठाऊक आहे आणि ज्याच्या गळ्याला दोर लागणार त्याला नाही. सशांच्या पाटीच्या कितीतरी आधी हे वर्तमानपत्र आले होते, आणि दोघांचे काम एकच आहे.

हा वाद शास्त्रज्ञांचा आणि लेखकांचा असला तरी मुलांना तो सांगावा, कारण तो त्यांचाच आहे. घरातल्या मांजरीला राग आला की नुसती भूक लागली, यावर सगळ्या घरांत वाद होतात.

दुसऱ्या टोकाला ॲना स्यूएलची 1877 ची 'ब्लॅक ब्यूटी' आहे. तिथे घोडा स्वतःच्या तोंडाने आत्मकथा सांगतो. त्या काळी बग्गीच्या घोड्यांची मान ऐटीत ताठ दिसावी म्हणून लगामाने वर ओढून बांधत. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ते देखणे वाटे. घोडा सांगू लागतो तेव्हा त्याच दृश्याच्या आतली मानदुखी आणि श्वासाची ओढाताण वाचकाला जाणवते. स्यूएलने हे पुस्तक मुळात घोड्यांबरोबर काम करणाऱ्या माणसांसाठी लिहिले होते, आणि पुढे प्राणिदयेच्या चळवळीने त्याच्या प्रती मोठ्या प्रमाणावर वाटल्या. प्रथमपुरुषी निवेदन ही त्या पुस्तकातली सगळ्यात मोठी कृती होती. ते लंडनच्या कसोटीला उतरत नाही, तरीही खरे आहे, कारण घोड्याला बोलू देण्यामागचा हेतू स्वच्छ आहे आणि तो एका ठोस वेदनेशी बांधलेला आहे.

कलकत्त्याजवळ जन्मलेले आणि तरुणपणी अमेरिकेत गेलेले धन गोपाल मुखर्जी यांनी मधली वाट धरली. त्यांच्या 'गे-नेक' या कादंबरीला 1928 चे न्यूबेरी पदक, अमेरिकेतले बालसाहित्याचे मानाचे पदक, मिळाले. तिच्या नायकाचे, एका कबुतराचे, मूळ नाव चित्रग्रीव. काही प्रकरणे कबुतराचा धनी असलेला मुलगा सांगतो, काही चित्रग्रीव स्वतः. मुलगा जमिनीवर वाट पाहतो, कबुतर आकाशात काय घडले ते सांगते, आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये निरोप पोचवणाऱ्या त्या पाखराची भीती दोन्ही बाजूंनी कळते. भारतीय हाताने लिहिलेले हे पुस्तक आपल्या मुलांच्या वाचनात फारसे नसते, याचे मला वाईट वाटते.

मराठी वाचकाला या सगळ्यात सर्वांत जवळचे पुस्तक मात्र 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द इयरलिंग'ला 1939 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि राम पटवर्धनांनी ती कादंबरी मराठीत आणली. इथे कोणताही प्राणी बोलत नाही. फ्लॅग हे हरणाचे पाडस शेवटपर्यंत पाडसच राहते. त्याच्या मनात काय चालले आहे ते लेखिका सांगत नाही. तरीही या पुस्तकाइतके प्राण्याच्या जवळ नेणारे वाचन मी फार थोडे केले आहे.

तिथली रचना नीट पाहण्यासारखी आहे. ज्योडी या मुलाच्या वडिलांना, पेनीला, रानात विषारी साप चावतो. विष ओढून घ्यायला ताज्या यकृताचा उपयोग होईल म्हणून तो समोर आलेली हरिणी मारतो. तो वाचतो आणि हरिणीचे पाडस पोरके होते. ज्योडी ते घरी आणतो. पाडस वाढते, पुढल्या वर्षी मक्याचे कोवळे कोंब खाऊन टाकते. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो. पाडस कुंपणावरून उडी मारून पुन्हा पीक खाते. पेनी दुखणाईत होऊन अंथरुणाला खिळलेला, घरात दुसरे कमावते हात नाहीत, आणि मका गेला तर हिवाळ्यात खायचे काय हा प्रश्न आहे. अखेर ज्योडीला पाडस मारायला सांगितले जाते. तो धजावत नाही. आईच्या हातून गोळी सुटते, पाडस नुसते जायबंदी होते, आणि शेवट ज्योडीलाच करावा लागतो.

इथे 'खलनायक कोण?' असा रकाना भरायला द्या. आई? पाडस? भूक? मूल अडेल, आणि त्याने अडावे. 'स्थळ' या रकान्यात 'फ्लॉरिडाचे जंगल' एवढे लिहून भागत नाही, कारण बॅक्स्टर कुटुंबाचे घर खुरट्या रानाच्या मधल्या उंचवट्यावर आहे, शेत तुटपुंजे आहे, पाणीही सहज मिळणारे नाही. तिथली माती थोडी अधिक सढळ असती तर पाडस जगले असते. स्थळच इथे निर्णय घेते. आणि पाडसाला काही कळत नाही यावर सगळी कथा उभी आहे. ते गुन्हेगार नाही, कृतघ्न नाही. ते वाढते आहे आणि त्याला भूक लागते. रॉलिंग्ज यांनी त्याच्या तोंडी एक शब्द जरी घातला असता, तर ज्योडीची व्यथा निम्मी झाली असती, कारण मग क्षमा मागता आली असती, निरोप घेता आला असता.

मुलांना इतके दुःख का वाचायला द्यायचे, असे पालक विचारतात, आणि त्या विचारण्यामागे माया असते हे मी जाणतो. काही शाळा त्यावर तोडगा म्हणून मृत्यूच्या आधीचा उतारा शिकवतात. मला तो तोडगा मान्य नाही. हरिणीच्या मरणापासून पाडसाच्या मरणापर्यंत जी दोरी जाते तीच या कादंबरीचे कथानक आहे. मधला गोड तुकडा कापून दिला तर मुलाला एक पाळीव हरीण मिळते, गोष्ट मिळत नाही. दहा-अकरा वर्षांचे मूल आजी-आजोबांचे जाणे पाहते, गावी विकलेला बैल पाहते, रस्त्यावर मेलेले कुत्र्याचे पिल्लू पाहते. त्याला या गोष्टी झेपत नाहीत असे नाही. त्या एकट्याने झेपवाव्या लागतात हे कठीण असते. सबंध पुस्तक वर्गात बरोबरीने वाचले की ते एकटेपण कमी होते.

शिक्षकांची बाजू मी मनापासून ऐकली आहे. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, तीस-पस्तीस मिनिटांची तासिका, आणि वर्षअखेरीस तपासायच्या उत्तरपत्रिका. अलंकार ओळखण्याचे उत्तर चूक की बरोबर हे क्षणात ठरते. 'लेखकाने इथे का थांबवले?' याचे उत्तर वाचावे लागते. शिवाय ज्या घरात पुस्तक नाही त्या मुलाला 'निवेदक', 'प्रतीक', 'उत्कर्षबिंदू' हे शब्द शाळाच देणार आहे. हे सगळे खरे आहे, आणि संज्ञा शिकवूच नयेत असे मी म्हणत नाही. मुलाने आधी ओढ्याकाठी ब्लॅकबेरीच्या फळीशेजारी उभे राहावे, आणि मग त्याला जे जाणवले त्याचे नाव सांगावे. आधी नाव दिले की मूल ते नाव शोधत पाने उलटते, वाचत नाही.

क्रमाच्या या बदलाला पैसा लागत नाही, पण पुस्तके लागतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत कादंबरीचा उतारा येतो, सबंध कादंबरी येत नाही. उताऱ्यात उपमा सापडते, ज्ञानाची वाटणी सापडत नाही, कारण ती शंभर पानांवर पसरलेली असते. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की सहावी ते आठवीच्या काळात प्रत्येक मुलाने किमान एक सबंध कादंबरी शाळेच्या वेळात, मोठ्याने, रोज थोडी थोडी, वाचलेली असावी. स्थूलवाचनाला वेळापत्रकात आज जी जागा आहे तिथूनच सुरुवात करता येईल. एकच प्रत असली तरी चालेल; शिक्षक वाचतील, मुले ऐकतील. प्राण्यांच्या कादंबऱ्या या कामाला विशेष चांगल्या, कारण शहरातल्या आणि खेड्यातल्या, पुस्तकांच्या घरातल्या आणि बिनपुस्तकांच्या घरातल्या मुलांना प्राण्यांबद्दल बोलायला सारखाच अधिकार असतो. शेळीबरोबर रानात गेलेली मुलगी 'पाडस'बद्दल जे सांगेल ते वर्गातल्या पहिल्या नंबराला सुचणार नाही.

आणि मोठ्या वयाला पुढचे पाऊल आपल्याच भाषेत आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'ला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती कादंबरी वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्याची आहे. एफ्राफा वाचून आलेला नववी-दहावीचा विद्यार्थी ती हातात घेईल तेव्हा माडगूळकरांनी वानरांच्या मनात किती शिरायचे ठरवले आणि ॲडम्सने सशांच्या मनात किती, ही तुलना तो स्वतः करू शकेल.

कृतिपत्रिकेत स्वमत मांडायची कृती असतेच. तिथे 'या पाठातून तुम्हांला मिळालेला संदेश लिहा' याऐवजी 'फ्लॅगला बोलता आले असते तर गोष्टीतले काय बदलले असते आणि काय बिघडले असते, ते लिहा' असे विचारता येईल. त्याला साठ मुले साठ उत्तरे लिहितील, मार्गदर्शकातून उतरवून काढता येईल असे त्यातले एकही नसेल, आणि ती तपासायला लागणारा वेळ शिक्षकाला द्यावा लागेल.